डब्यांखालच्या बातम्या

स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्राचे कागद अंथरायची पद्धत सगळ्यांच्याच घरी असते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या घरची गंमत एवढीच, की आमच्या आईच्या फळीवर कोणताही कागद चालत नसे. खून, चोरी, अपघात, लाठीमार, श्रद्धांजलीचे फोटो, असलं काही छापलेलं पान डब्याखाली जायचं नाही. "दाण्याखाली मढं काहून ठेवू मी?" असं तिचं म्हणणं.

त्यामुळे दसऱ्याच्या आधी ती वर्षभराची रद्दी पुढ्यात घेऊन बसायची आणि तांदूळ निवडावेत तशी पानं निवडायची. कुठे कुणी ओसाड टेकडीवर झाडं लावली, कुठे शाळेच्या पोरींनी मिळून भिंत रंगवली, कुठल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांनी विहीर उपसली, असली पानं उजव्या हाताला. बाकीची रद्दीवाल्याकडे. आमच्या रायपूरचे पेपर हिंदी, आणि हिंदी वाचायचा तिला कितीही कंटाळा असला तरी पान उलटून मागची बाजू पाहिल्याशिवाय ती काही पास करत नसे. माझे वडील रेल्वेत होते. ते म्हणायचे, ही जर आमच्याकडे गार्ड असती तर रायपूरहून एकही गाडी वेळेवर सुटली नसती.

पुढे वडील गेले, छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. मला वाटलं होतं, आता आपणही थोडे राजधानीसारखे होऊ. झालं असं, की नव्या राज्याच्या एवढ्या मोठ्या कारभारात माझ्या वाट्याला कैची आणि गोंदाची बाटली आली. मी ज्या विभागात होतो तिथे रोज सकाळी सात-आठ हिंदी पेपर यायचे. त्यातल्या आमच्या कामाच्या बातम्या कापायच्या, कोऱ्या कागदावर चिकटवायच्या, वर तारखेचा शिक्का मारायचा आणि साडेअकराच्या आत साहेबांपुढे ठेवायच्या. फायली दोन. एकीवर लिहिलेलं सकारात्मक, दुसरीवर नकारात्मक. साहेब नकारात्मक आधी मागायचे. सकारात्मक फाइल मी पुष्कळदा न उघडलेलीच परत आणायचो.

म्हणजे आई जे घरी फुकट करत होती तेच मी सरकारी खुर्चीत बसून करत होतो, आणि तिच्यापेक्षा वाईट. मी तिला एकदा मोठ्या तोऱ्यात माझ्या कामाचं वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, "अन् मागची बाजू कोण पाहते?" मी म्हटलं, मागची बाजू चिकटवून टाकतो आम्ही, ती दिसतच नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की राज्याचं काही खरं नाही असं मलाच वाटलं.

माझा धाकटा भाऊ आमच्यासोबतच समता कॉलनीत राहायचा. भनपुरीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. होळीनंतर आठ-दहा दिवसांनी, ड्यूटीवरून परत येताना, भनपुरीच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला मागून ट्रकची धडक बसली. आम्ही पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं.

मी रडलो नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. नागपूरहून नातेवाईक आले, त्यांना मी विचारलं गाडी लेट होती का. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला की मी त्याला पाणी आणून द्यायचो. तिसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला, त्यात "सविनय निवेदन है" वगैरे सगळं जागच्या जागी होतं, आणि शाई फिसकटली म्हणून मी तो पुन्हा नीट उतरवूनही काढला. बायकोनं एकदा घाईत वरणात मीठ घातलं नाही. मी दोनदा वाढून घेतलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, वरण चांगलं झालं का ते विचारते आहे, म्हणून मी म्हटलं, छान झालं.

पेपरात त्याची बातमी आली असणार हे मला माहीत होतं, कारण भनपुरीतले अपघात मीच कापत असे. मी रजेवर होतो त्या दिवसांची फाइल माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं केली. परत रुजू झाल्यावर मी पाहिलं तर त्या तारखेचा कागदच नव्हता. त्यानं काढून ठेवला होता. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही. घरी आलेला त्या दिवसाचा पेपरही कुणी उघडला नाही, तो गॅलरीतल्या रद्दीत गेला, आणि त्याच्यावर पुढच्या दिवसांचे पेपर चढत गेले.

आईचं वेगळं होतं. ती पहिले काही दिवस खूप रडली, आणि आम्हाला वाटलं, बरं आहे, हिचं निघून जाईल. महिनाभरानं ती जवळच्या देवळात गेली. तिथे पायरीवर एक अनोळखी बाई शेजारी बसली आणि सहज गप्पा म्हणून तिनं विचारलं, माँजी, कितने बच्चे हैं. आई उत्तर न देता उठली आणि चपला तिथेच ठेवून अनवाणी घरी आली. दार लावून घेतलं. माझ्या बायकोला ती एवढंच म्हणाली, "काय सांगू मी? दोन सांगू का एक?"

त्या दिवसापासून आई फाटकाबाहेर गेली नाही. भाजीवाल्याकडे नाही, शेजारच्या बारशाला नाही, हळदीकुंकवाला नाही. जिथे अनोळखी बाई भेटेल तिथे तो प्रश्न येणार, आणि बायकांचा दुसरा-तिसरा प्रश्न तोच असतो. घरातही बोलणं आटत गेलं. चहा घेतेस का? हव. पंखा लावू का? हव. छत्तीसगडी होकाराच्या ह्या हवची ती रायपुरात आल्यापासून चाळीस वर्षं टर उडवत आली होती, इथले लोक एका शब्दात दिवस काढतात म्हणायची. आता तिचाच दिवस त्यात निघायचा. कॉलनीतले डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक आहे, प्रेशर ठीक आहे, यांना बाहेर न्या, चालवा, नाहीतर ह्या अशाच बसून जातील. मी म्हटलं नेतो. घरी येऊन आईला म्हटलं, आई, फिरायला जायचं का? ती म्हणाली हव, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दसरा आला. फळ्यांवर अजून मागच्या वर्षीचेच कागद होते, तेलाचे डाग पडलेले, कडा कुरतडलेल्या. एका रविवारी मी जाहीर केलं, की यंदा कागद मी बदलणार. बायको म्हणाली, तुम्हाला मीठ कोणत्या डब्यात आहे ते तरी माहीत आहे का? मुलगी म्हणाली, "पापा, रहने दो, आजी को गुस्सा आएगा." मी म्हटलं, आला तर बरंच आहे. आणि शिवाय ह्या कामात मी प्रशिक्षित माणूस आहे, मला शासनानं नेमलं आहे.

गॅलरीतून रद्दी आणून मी बैठकीत मांडी घातली. आई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहील, मी चुकीचं पान उचललं की ओरडेल, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. ती आली नाही. मी निवडत राहिलो. खरं सांगतो, फार वेळ लागत होता. राजधानी झाल्यापासून पेपर जाड झाले होते पण त्यात प्लॉट आणि भांडणंच भरलेली. अर्ध्या ढिगानंतर मला एक पान सापडलं आणि मी अगदी खूश झालो, म्हणजे त्या वर्षात जेवढा होऊ शकत होतो तेवढा. अर्धं पान भरून बातमी होती. पुरानी बस्तीतल्या एका लहान तळ्यातली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, तिथल्या बायकांनी स्वतः उतरून काढली होती, घाटाच्या भिंती चुन्यानं सारवून त्यावर गेरूनं पोपट, मोर, नाचणाऱ्या बाया काढल्या होत्या, आणि पाणी मोकळं झाल्यावर पाणकोंबड्या परत आल्या होत्या. दर रविवारी सकाळी हे काम चालणार असंही लिहिलं होतं. फोटो रंगीत होता, रंग थोडे सरकलेले, त्यामुळे प्रत्येक बाईला स्वतःची एक निळी सावली होती. चित्र, पाणी, पक्षी, मोहल्ला, सगळं एकाच पानावर. सकारात्मक फाइलला असं पान वर्षात एखादं मिळतं. मी ते मधल्या फळीवर अंथरलं, जिथे आईचा हात रोज जातो, आणि त्यावर डाळींचे डबे रचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मधली फळी उघडी. डबे ओट्यावर उतरवलेले, आणि ते पान घडी करून आईच्या उशाशी. आई आंघोळीला गेली होती. मी पान उचलून स्वयंपाकघरात बायकोकडे आलो आणि म्हटलं, बघ, वाचलं तिनं, सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हातात घेऊन वाचलं. मी बरंच काय काय बोललो. डॉक्टरांना जे जमलं नाही वगैरेही म्हणालो असेन. बायकोनं घडी उघडली, फोटो पाहिला, पान उलटलं. मग तिनं पान माझ्या हातात दिलं.

मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, एका कोचिंग क्लासच्या जाहिरातीशेजारी चार ओळी होत्या. भनपुरी, ट्रक, मोटरसायकल, त्याचं नाव.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते. तो असा होता, की ही नकारात्मकमध्ये जाईल. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. मी पानाच्या वरच्या कडेला तारीख पाहिली. तारखेकडे मी निवडताना पाहिलंच नव्हतं, कारण तारखेचा शिक्का स्वतः मारायची मला सवय. आणि मागची बाजू तर आम्ही चिकटवून टाकतो.

आई ओले केस पुसत आली. मी तिथेच उभा होतो, हातात पान. मी म्हटलं, "आई, मी मागचं पाह्यलं नाही."

"मले माहीत आहे पाह्यलं नाही. तू कधी पाहतो?" तिनं पान माझ्याकडून घेतलं, चष्मा शोधला, लावला. "एकतीस लिहिलं मेल्यांनी. तेहतीसचा होता."

बायकोनं गॅस बंद केला. कुकरची शिट्टी अर्धवट राहिली. आई पान उलटून फोटोकडे पाहत होती.

"हे बी त्याच दिवशी छापून आलं," ती म्हणाली. "मी इकडे बोंबलून राहिली होती अन् ह्या बाया तिकडे गाळ काढून राहिल्या होत्या."

तिला त्या बायांचा राग आला आहे असं मला वाटलं. तसं वाटणं साहजिक होतं, मलाही तो फोटो एकदम निर्लज्ज वाटायला लागला होता. मी म्हटलं, टाकून देतो हे. ती म्हणाली, "टाकतो काहून? मले पाहाचं आहे ते तळं. रविवारी ने मले."

सहा महिन्यांतलं हे तिचं सगळ्यात लांब बोलणं होतं.

आता माझी पंचाईत सुरू झाली. सकारात्मक बातमीचं पुढे काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? झाड लावल्याची बातमी येते, झाड वाळल्याची येत नाही. बातमी होळीनंतरची, आता दिवाळी तोंडावर आली होती, मधे अख्खा पावसाळा. आईनं इतक्या दिवसांनी पाय बाहेर टाकावा आणि तिथे कचरा असावा, हे मला नको होतं. म्हणून शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच स्कूटरवर पाहून आलो. होतं ते असं: अर्धं तळं पुन्हा हिरवंगार, जलकुंभीनं भरलेलं. भिंतीवरचा चुना पावसानं उतरलेला, पोपटांच्या चोची तेवढ्या शिल्लक. घाटावर एक कुत्रं झोपलं होतं. पाणकोंबडी म्हणाल तर एक काळं काहीतरी दूर हललं, पण ती पिशवीही असू शकेल.

घरी येऊन मी आईला सांगितलं, की तिथे आता काही नाही राहिलं, सगळं बंद पडलं. आपण दुसरीकडे जाऊ. ती म्हणाली हव. बायकोनं मला नंतर बाजूला घेऊन विचारलं, की तिथे ती बाई भेटेल, कोणतीही बाई, आणि तिनं तेच विचारलं तर? मी म्हटलं, म्हणूनच तर सांगितलं बंद पडलं. मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं.

रविवारी सकाळी सातला मी पेपर आणायला बाहेर आलो तर आई व्हरांड्यात खुर्चीवर बसलेली. धुतलेली नऊवारी, पायात सुनेच्या चपला, कारण तिच्या देवळातच राहिल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "किल्ली आण." मी म्हटलं, अगं पण मी सांगितलं न तुला. ती म्हणाली, "तू सांगतलं. मी अजून पाह्यलं नाही."

आई स्कूटरवर माझ्या मागे एका बाजूला बसली, माझा शर्ट पाठीवर मुठीत धरून. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांत शिरलो. मी खड्डे चुकवत होतो.

तळ्याशी दोन बाया होत्या. एक माझ्या वयाची, साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी, आणि एक तरुण, काठावर, दोरीला बांधलेला लोखंडी आकडा ओढत. काल मी पाहिलेल्या हिरव्या भागातला एक कोपरा मोकळा झालेला दिसत होता, फार नाही, दोन खाटा मावतील एवढा. मी उगाच चौकशी केली. मोठी म्हणाली, फोटो निघाला त्या दिवशी चाळीसजणी होत्या, मग वीस, पावसात कुणीच नाही, आता चार येतात, आज दोन. हे तिनं तक्रारीनं सांगितलं नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं. भिंतीचं विचारलं तर म्हणाली, दिवाळीच्या आधी पुन्हा सारवू, गेरू आणून ठेवला आहे.

आई घाटाच्या पायरीवर बसली. थोडा वेळ तिनं पाहिलं, मग तिला राहवलं नाही. काठावर टाकलेला जलकुंभीचा ढीग पाण्याच्या फार जवळ होता. एक सर आली की सगळं परत आत, असं ती आपल्या हिंदीत म्हणाली, ज्यात निम्मं वऱ्हाडी असतं. "अन् उलटी टाको उसको, जड वर. वर नाही समझे? ऊपर." तरुण बाई हसली आणि तिनं खरंच एक रोप मुळं वर करून ठेवलं. मग तिनं माझ्याकडे पाहून दोरी पुढे केली, भैया खाली खड़े हो, म्हणजे रिकामा उभा. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि दोरी धरली. माझं सरकारी शरीर दहा मिनिटांत फेसाटलं.

मोठी बाई पाण्यातून वर येऊन आईच्या शेजारी दम खायला बसली. पदरानं तोंड पुसलं. तिनं विचारलं, घर कुठे, कधीपासून रायपुरात, गाव कोणतं. आई उत्तरं देत होती. मला माहीत होतं आता काय येणार. मी दोरी टाकून म्हटलं, आई, ऊन वाढलं, निघायचं का आता? आईनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"लइका कै झन हे, दाई?" बाईनं विचारलं. मुलं किती.

मी तिथेच उभा राहिलो, पाय गाळात.

"दो," आई म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, "एक ये है. छोटा होली के बाद चला गया. ट्रक में."

"हव," बाई म्हणाली. अरेरे नाही, भगवान की मर्जी नाही. मग पायरीवर जरा सरकून तिनं आईला सावलीत जागा करून दिली, आणि विचारलं, लहानगा कसा होता.

आणि आई सांगायला लागली. हिंदीत. मराठीत तिनं त्याच्याबद्दल होता, गेला, असं एक वाक्य आमच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, मीही नाही. तिच्या त्या मोडक्या हिंदीत ते सरळ निघत होतं, जणू दुसऱ्याच घरचं सांगते आहे. खाण्याचे नखरे, मोटरसायकलचं वेड. शाळेत असताना तो दुपारी अशाच एका तळ्यावर पोहायला शिकला, चोरून, घरी येऊन ओल्या केसांना तेल लावून बसायचा, म्हणजे कळू नये. तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तिनं कधी विचारलं नाही.

मला ते माहीत नव्हतं. मला तो पाण्याला भितो असंच शेवटपर्यंत माहीत होतं, मी त्याला त्यावरून चिडवायचोही.

तरुण बाई म्हणाली, भैया, खींचो ना. मी आकडा पुन्हा पाण्यात फेकला आणि ओढायला लागलो. गुंता जड होता, मुळांना काळा गाळ लोंबत होता, वास येत होता. हाताला दोरी काचत होती तेवढं कळत होतं. मागे पायरीवर आई म्हणत होती, बहुत अच्छा तैरता था, आणि बाई विचारत होती, कुठल्या तळ्यात, आणि आई आठवत होती.